ठासणीच्या बंदुकीचं बदली लॉक: हातात चालतं, दस्त्यात का अडतं?

दौलताबादच्या किल्ल्यावरची मेंढा तोफ पाहायला गेलात तर तिच्या पाठीमागच्या भागातलं एक बारीकसं भोक जरूर शोधा. हा तोफेचा कान. त्यात रंजक, म्हणजे पेट घेणारी बारीक दारू घालायची, वरून बत्ती द्यायची, आणि तोफ डागली जायची. या सगळ्यात यंत्र म्हणून काहीच नाही, बत्ती धरणारा माणूस तेवढा लागतो. ठासणीच्या बंदुकीतही दारू तोंडातून ठासून भरतात, पण तिची अडचण अशी, की तिला दोन्ही हातांनी धरावं लागतं आणि नेमही साधावा लागतो. मग कानाला बत्ती द्यायला तिसरा हात कुठून आणायचा? नळीच्या मागच्या टोकाशी, लाकडी दस्त्याच्या उजव्या कुशीत खोवून बसवलेलं लॉक म्हणजे तो तिसरा हात.

आधी तोड्याची बंदूक आली, जळती दोरी रंजकेवर टेकवणारी. मग चकमकीची आली, दगड पोलादावर आपटून ठिणगी पाडणारी. 1807 साली अलेक्झांडर फोर्साइथ या स्कॉटिश पाद्र्यानं आघातानं पेटणाऱ्या रसायनाचं पेटंट घेतलं आणि त्यातून पुढे तांब्याच्या टोपीची बंदूक निघाली. टोपीत ते रसायन असतं, घोड्याच्या मारानं ते पेटतं. आपल्या बोलण्यात चकमक झडते, बार फुसका निघतो, एखाद्याला ठासून सांगावं लागतं. या सगळ्यांत या बंदुकीचीच आठवण येते. फुसक्या बाराचा दोष मात्र लोक दारूला देतात. दारू कोरडी असूनही बार फुसका जात असेल, तर आधी लॉक पाहावं.

लॉक उघडून टेबलावर ठेवलं तर एका तळहातात मावेल एवढंच सामान निघतं. एक पोलादी पट्टी. तिच्या बाहेरून आघात करणारा घोडा, आतून घोड्याच्याच आसावर बसलेली खाचांची चकती, तिला टंबलर म्हणतात. टंबलरला ओढणारी इंग्रजी व्ही अक्षरासारखी मुख्य कमान. खाचेत नाक अडकवून टंबलरला रोखणारी खिटी, म्हणजे सिअर, आणि तिची छोटी कमान. या सगळ्यांवरून ब्रिडल नावाचं पातळ पोलादी झाकण. चाप ओढला की चापाची पाती खिटीचं शेपूट वर उचलते, नाक खाचेतून निसटतं आणि घोडा पडतो. चकमकीच्या लॉकमध्ये याशिवाय दगडाचा मार खाणारी पोलादी पाटी, रंजकेची वाटी आणि पाटीची स्वतंत्र कमान असते.

यातलं काहीही तुटलं की माणूस बदली लॉक शोधतो. ‘नवा भाग आणला, जुना काढला, बसवला’ हे आपल्याला आज इतकं अंगवळणी पडलंय, की ती कल्पना कधीकाळी नवी होती हेच विसरायला होतं. वाळूजच्या एखाद्या कारखान्यात निघालेला सुटा भाग कुठल्याही गाडीत बसतो. ही सोय शोधण्याची सुरुवात ज्या वस्तूंपासून झाली, त्यांत बंदुकीचं लॉक अगदी पुढे होतं. 1785 साली थॉमस जेफरसननं फ्रान्समध्ये ओनोरे ब्लाँ या कारागिराकडे पन्नास लॉकांचे सुटे केलेले भाग पाहिले. हाताला येईल तो भाग उचलून त्यानं स्वतः काही लॉकं जोडली आणि ती जुळली. त्या काळी ही थक्क करणारी गोष्ट होती, कारण एरवी प्रत्येक लॉक कानशीनं घासून त्याच्याच भागांशी जुळवलेलं असे. मोठ्या सरकारी कारखान्यांत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत माप पक्कं झालं, कारागिराच्या हातची बंदूक मात्र तशीच राहिली. म्हणून दिसायला सारखी असलेल्या दोन बंदुकांची लॉकं एकमेकींत बसतील, ही आशा सोडूनच द्यावी.

नवं लॉक बहुधा ओतीव भागांचं असतं. मेणाची प्रतिकृती करायची, तिच्याभोवती चिनी मातीसारखं कवच चढवायचं, मेण वितळवून काढायचं आणि पोकळीत पोलाद ओतायचं. पद्धत उत्तम आहे, भानगड आकसण्याची आहे. पोलाद थंड होताना लांबीत सुमारे दोन टक्के आकसतं, मेण स्वतःही थोडं आकसतं. साचा करणाऱ्यानं हे धरून आकार मोठा घेतला तर प्रश्न नाही. पण जुन्या अस्सल लॉकचाच थेट साचा काढला, तर 150 मिलिमीटरची पट्टी 147 ची होते. पट्टी, टंबलर, खिटी सगळं एकाच प्रमाणात आकसलं तर लॉक हातात छान चालेल. मग त्यात जुन्या लॉकचा चांगला टंबलर घालायला जा, आसाच्या आणि खिटीच्या भोकांमधलं अंतर अर्ध्या मिलिमीटरनं चुकलेलं निघेल आणि खिटी खाचेत पूर्ण उतरणारच नाही. ओतीव पट्टी वाकडी होण्याचाही संभव असतो. ती सपाट काचेवर पालथी ठेवून मागून उजेड धरावा. फट दिसली तर ती पट्टी स्क्रू आवळल्यावर पीळ खाईल आणि टंबलर घासेल.

पण सगळ्यात जास्त फसवणूक होते ती पोलादाच्या पाण्यात. लोहार विळ्याला पाणी देतो तेच इथे, फक्त प्रत्येक भागाला वेगळं. साध्या माइल्ड स्टीलमध्ये कार्बन 0.2 टक्क्यांच्या आसपास असतो, त्याला कितीही पाणी द्या, ते फारसं कठीण होत नाही. कमानीला आणि पाटीला याच्या तीन-चार पट कार्बन लागतो. कमानीचं पोलाद लालबुंद करायचं. ते 770 अंश सेल्सिअसच्या पुढे गेलं की लोहचुंबक त्याला चिकटत नाही, ही कारागिराची जुनी खूण. त्याहून जरा वर नेऊन तेलात बुडवलं की ते काचेसारखं कडक आणि तितकंच ठिसूळ होतं. मग पुन्हा 400 अंशांच्या आसपास तापवून ठिसूळपणा काढायचा. ही दुसरी पायरी घाईत उरकली की कमान एखाद्या थंड सकाळी घोडा चढवतानाच कट्‌कन तुटते. जास्त तापवली तर तुटत नाही, पण एकदा दबली की वर येत नाही, आणि घोडा दिवसेंदिवस मऊ पडत जातो.

तुटलेली कमान भिंगाखाली पाहा. तडा बहुतेक वेळा एखाद्या आडव्या ओरखड्यापासून सुरू झालेला असतो. कमान वाकताना तिच्या बाहेरच्या पृष्ठावर ताण सर्वांत जास्त असतो, आणि कानशीची आडवी रेघ त्या ताणाला उभं राहायला जागा देते. म्हणून चांगल्या कमानीवरच्या घासणीच्या रेघा लांबीच्या दिशेनं असतात आणि वर गुळगुळीत झिलई असते. दुकानात एवढं एक जरी पाहिलं तरी लॉक करणाऱ्याला काम येतं की नाही ते कळतं. पट्टीवरच्या नक्षीला भुलू नये. ती दिसावी म्हणूनच काढलेली असते.

चकमकीच्या पाटीची गोष्ट उलटी आहे, ती कठीणच हवी. ठिणगी दगडाची असते हा सार्वत्रिक गैरसमज. दगड पोलादाचे अतिसूक्ष्म कपचे खरवडून काढतो, घर्षणानं ते तापतात आणि हवेतल्या ऑक्सिजननं पेट घेतात. जळतं ते लोखंड. आपल्या काळ्या बेसाल्टच्या पोकळ्यांत जागोजागी सापडणारी गारगोटी मूळची सिलिकाच, युरोपातल्या चकमकीच्या दगडाची भावंडच म्हणा. कठीणपणाच्या मोजपट्टीवर दोन्ही सातच्या आसपास. तेव्हा दगड कमी पडत नाही, पाटी कमी पडते. पाटी मऊ असेल तर दगड तिच्यात चर पाडतो आणि कपचे तापण्याऐवजी नुसते सोलले जातात. स्वस्त पाट्या माइल्ड स्टीलच्या करून त्यांना हाडांच्या किंवा लाकडी कोळशात पुरून वरवरचा कार्बन चढवलेला असतो. हा थर दुप्पट जाड हवा असेल तर वेळ चौपट लागतो, आणि तेवढी भट्टी जाळायला कोणी राजी नसतं. अशी पाटी पहिले काही बार झकास ठिणग्या देते, थर झिजला की मुकी होते.

तपासायला एक बारीक दाताची चांगली कानस पुरे. पाटीच्या कडेला हलकेच फिरवा. कानस काचेवरून गेल्यासारखी घसरली तर पाटी कठीण. दात चावले आणि चमकदार ओरखडा उठला तर मऊ. हीच कानस टंबलरच्या कडेवरही घसरली पाहिजे, कमानीवर मात्र ती थोडी चावावी.

आता खाचा. टंबलरला दोन खाचा असतात: अर्ध्या घोड्याची, म्हणजे घोडा अर्धाच चढवून ठेवायची, खोल, आत वळलेली, आणि पूर्ण घोड्याची, म्हणजे बार काढण्यासाठी घोडा पुरता चढवायची, उथळ. अर्ध्या खाचेतून चाप कितीही ओढला तरी घोडा सुटता कामा नये, सुरक्षिततेची सगळी भिस्त तिच्यावर आहे. पूर्ण खाचेचा पृष्ठभाग आसाच्या मध्यातून निघणाऱ्या रेषेत असावा. तो बाहेरच्या बाजूला कलला तर धक्क्यानं घोडा आपोआप पडतो; आत कलला तर चाप ओढताना घोडा आधी किंचित मागे ढकलावा लागतो, चाप जड लागतो आणि नेम हलतो. स्वस्त लॉकमध्ये ब्रिडल नसतं किंवा त्याचं भोक सैल असतं. मग टंबलर एका बाजूला लवतो आणि खिटीचं नाक खाचेच्या एका कोपऱ्यावरच टेकतं. तो कोपरा आठवड्यात खचला तर आश्चर्य नाही.

रायफलचं लॉक घेताना आणखी एक पाहावं. रायफलला पुष्कळदा दोन चाप असतात. एक ओढून ठेवायचा, मग दुसरा नुसत्या स्पर्शानं सुटतो. हा दुसरा चाप खिटीला क्षणभर टिचकी मारतो आणि लगेच सोडतो. टंबलर फिरत असताना खिटी परत खाली येते ती नेमकी अर्ध्या खाचेसमोर. तिला तिथून ओलांडून नेण्यासाठी टंबलरवर तांदळाएवढा एक हलता तुकडा लागतो. तो नसलेलं लॉक अशा बंदुकीला लावलं की घोडा मध्येच अडकतो, आणि खिटीचं नाक तुटतं.

कुठलीही तपासणी करण्याआधी नळी रिकामी आहे का ते पाहावं. ठासणीची बंदूक मागून उघडत नाही, आणि भिंतीवर वर्षानुवर्षं टांगलेल्या बंदुकीतही भरलेला बार असू शकतो. दारू ठासायचा गज नळीत पूर्ण सोडा, तोंडापाशी बोटानं खूण धरा, बाहेर काढून नळीच्या बाजूला लावून पाहा. गजाचं टोक कानाच्या अलीकडेच थांबत असेल तर आत काहीतरी आहे. मग बंदूक जाणकाराच्याच हाती द्यावी.

लॉक हातात उत्तम आणि दस्त्यात आळशी, ही तक्रार सर्वांत जास्त ऐकू येते. कारण लाकूड. कमान किंवा टंबलर दस्त्याच्या खोबणीत कुठेतरी घासतो. शोधायचा उपाय सोपा: लॉकच्या आतल्या भागांना दिव्याची काजळी पातळ लावायची, लॉक बसवून घोडा हातानं धरून दोन-तीनदा वर-खाली करायचा, लॉक काढायचं. लाकडावर जिथे काळं उठलं तिथेच अडतंय, तेवढंच खरवडावं. पावसाळ्यात लाकूड फुगतं, म्हणून मे महिन्यात मोकळं चालणारं लॉक ऑगस्टमध्ये अडलं तर गोंधळून जाऊ नये. बंदुकीबाहेर काढलेलं लॉक मात्र नुसतं चाप सोडून कधी वाजवू नये. घोड्याला अडवायला समोर काही नसल्यानं सगळा मार ब्रिडलवर आणि कमानीच्या टोकावर बसतो.

टोपीच्या बंदुकीत घोड्याचं तोंड निपलवर, म्हणजे टोपी जिच्यावर बसते त्या छोट्या पोकळ नळीवर, सपाट आणि मधोमध पडलं पाहिजे. ते तिरकं पडलं की एका कडेलाच मार बसतो, टोपी पेटत नाही किंवा तिचे कपचे उडतात. निपलचे आटेही पारखून घ्यावेत. पाव इंची निपल 6.35 मिलिमीटरचं, मेट्रिक 6 चं; दुसरं पहिल्याच्या भोकात जातं, दोन फेरे घट्टही वाटतं, आणि बाराच्या दाबानं बाहेर फेकलं जातं.

कायद्याचं कलमही इथे येतं. 1959 च्या शस्त्र कायद्यात शस्त्र म्हणजे त्याचे भागही, आणि दुरुस्ती करणाऱ्यालाही परवाना लागतो. पीक राखण्यासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद त्यातच आहे, पण रानडुक्कर मारायला वन विभागाची परवानगी निराळी. वाड्यातल्या निकामी बंदुकीला मिळणारी सूट ती दुरुस्त करूनही चालणार नाही, या अटीवर असते. म्हणजे आजोबांच्या बंदुकीला हौसेनं नवं लॉक लावलंत, तर ती सूट गेली.

काळ्या दारूच्या राखेत पोटॅशियमचे क्षार असतात, टोपीच्या रसायनातूनही क्षार उरतात, आणि ते हवेतली ओल खेचतात. नुसत्या तेलानं ते निघत नाहीत, पाण्यातच विरघळतात. बार काढला की त्याच दिवशी लॉक काढून कोमट पाण्यात ब्रशनं धुवावं, उन्हात कडकडीत वाळवावं आणि मग पातळ तेलाचा एकच थेंब आसावर, एक खिटीच्या स्क्रूवर, एक कमान टंबलरला टेकते तिथे. जाड ग्रीस काजळीशी मिळून डांबर होतं. शेवटी घोडा उतरवून ठेवावा, चढवलेला नव्हे.