सात अंशांखालचं रबर

दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले होते. दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावात कापसाची वेचणी जोरात होती. रात्री साडेनऊला म्युनिकहून भाच्याचा व्हिडिओ कॉल आला. त्यानं नुकतीच एक जुनी, पण ताकदवान स्पोर्ट्स गाडी घेतली आहे.

"मामा, सकाळी वळणावर गाडी घसरली. पाऊस नाही, बर्फ नाही, रस्ता कोरडा. टायर बी नवेच. काहून झालं असन?"

मी विचारलं, तापमान किती होतं?

"दोन."

उत्तर त्या दोनमध्येच होतं. रबराचे रेणू म्हणजे पिंजलेल्या कापसासारखे एकमेकांत गुंतलेले लांबच लांब धागे. चार्ल्स गुडइयरला १८३९ मध्ये सापडलेल्या प्रक्रियेत गंधक या धाग्यांना जागोजागी टाके घालतं, म्हणून ताणलेलं रबर पुन्हा जागेवर येतं. पण हे धागे हलते राहायला उष्णता लागते. थंडी वाढली की त्यांची वळवळ मंदावते आणि रबर ताठरतं. जानेवारी १९८६ मध्ये अमेरिकेचं चॅलेंजर अवकाशयान कोसळलं, त्याचं कारण हेच: रॉकेटचे सांधे बंद ठेवणाऱ्या रबरी कड्या थंडीनं ताठरल्या. चौकशीच्या वेळी भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी तशाच कडीचा तुकडा चिमट्यात दाबून बर्फाच्या पाण्यात बुडवला. बाहेर काढून चिमटा सैल केला, तर तुकडा लगेच फुगून आला नाही. सगळ्या जगानं ते टीव्हीवर पाहिलं.

रस्ता कितीही सपाट दिसला तरी त्यावर खडीची बारीक टोकं असतात. मऊ रबर त्या टोकांभोवती दबतं, आकार बदलतं, आणि त्यातूनच पकड मिळते. वेगवान गाडीच्या उन्हाळी टायरचं रबर तापल्यावर उत्तम चिकटेल असं बनवलेलं असतं. साधारण ७ अंशांच्या खाली ते कडक व्हायला लागतं आणि टोकांवरून नुसतं सरकतं. सात ही काही लक्ष्मणरेषा नव्हे, बदल हळूहळू होतो. पण कडाक्याच्या गोठणात अशा टायरला नुसतं हलवलं तरी चिरा पडू शकतात, असा इशारा कंपन्याच देतात.

दोन दिवसांनी त्यानं दुकानातून थंडीचा टायर कॅमेऱ्यासमोर धरला. नक्षीच्या प्रत्येक ठोकळ्यावर पात्यानं कापल्यासारख्या नागमोडी चिरा होत्या. अंगठ्यानं ठोकळा दाबला की त्या उघडत होत्या. बर्फावर याच शेकडो कडा रुततात. शिवाय खाचांत बर्फ दाबून बसतो, आणि बर्फाला बर्फ चांगला धरतो. म्हणून इथं नक्षीत बर्फ अडकणं कामाचं, तर आपल्या ट्रॅक्टरच्या चाकानं काळ्या मातीचा चिखल झटकून टाकावा लागतो.

"मंग बारमाहीच टाकू का? एकदाच खर्च."

मी ठाम नाही म्हणालो. बारमाही टायर वाईट नसतो. सौम्य हिवाळा, संथ गाडी, थोडं फिरणं असेल तर तो पुरतो. पण त्याचं रबर दोन्ही टोकांना तडजोड करतं. ज्या गाडीचे ब्रेक आणि स्टिअरिंग चोख टायर धरून जुळवलेले आहेत, तिथं ही तडजोड उन्हाळ्यातही जाणवते आणि बर्फातही. चारही चाकांना ताकद देणारी गाडी बर्फातून निघते झकास, थांबताना मात्र सगळी भिस्त टायरवरच. त्यापेक्षा दोन संच ठेवावेत. ब्रेकला जागा पुरत असेल तर हिवाळ्याचा संच थोड्या लहान रिमवर, अरुंद घ्यावा. रुंद टायर चिखलट बर्फावर तरंगतो. जर्मनीत 'ऑक्टोबर ते ईस्टर' असा लोकांचा ठोकताळा आहे. टायरवर तीन शिखरं आणि हिमकण असलेलं चिन्ह हवं. नुसतं 'एम प्लस एस' (चिखल आणि बर्फ) हे जुनं चिन्ह तिथं १ ऑक्टोबर २०२४ पासून हिवाळी टायर म्हणून चालत नाही.

"आईच्या गाडीले बारमाही टाकून देऊ?" त्यानं विचारलं.

आपल्याकडे त्याची गरजच नाही. नागपुरात २९ डिसेंबर २०१८ ला पारा ३.५ अंशांवर गेला होता, पण अशा सकाळी मोजक्याच. आपलं संकट दुसऱ्या टोकाला आहे: त्याच नागपुरात २३ मे २०१३ ला ४७.९ अंश होते. सकाळी २७ अंशांना ३३ पीएसआय हवा भरली आणि समृद्धी महामार्गावर आतली हवा ५७ अंशांवर गेली, तर दाब ३८ च्या आसपास पोचतो. हे अपेक्षितच असतं, म्हणून गरम टायरमधली हवा सोडू नये. खरा घात कमी हवेनं होतो. टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला जास्त वाकते, आतून तापते, थर सुटतात आणि भर वेगात टायर फुटतो.

सकाळी ताईच्या गाडीपाशी उकिडवा बसलो. नक्षी छान शिल्लक होती. वर्षभरात दारव्हा-यवतमाळशिवाय गाडी जाते कुठं? पण बाजूवर १९१५ असे चार आकडे होते, म्हणजे २०१५ चा एकोणिसावा आठवडा. नखानं खरवडलं तर कोरड्या बंधाऱ्यातल्या मातीसारख्या बारीक भेगा दिसल्या. दहा वर्षांनंतर नक्षी असली तरी टायर काढा, असं बऱ्याच कंपन्या सांगतात. हवा मोजली, तर २४च निघाली.

पुढच्या आठवड्यात लग्नाला समृद्धीनं नागपूरला जायचं होतं. ताईला म्हटलं, आहेराचं नंतर पाहू, आधी चारही टायर बदलू.