आफ्रिकेतली विषमता कुणी लिहायची आणि कुणाच्या पैशावर: थोडी मागची गोष्ट

थांडिका म्कांडावीरे नावाचे मूळचे मलावीचे अर्थतज्ज्ञ होते, त्यांनी १९९५ मध्ये आफ्रिकन प्राध्यापकांच्या तीन पिढ्या सांगितल्या होत्या. पहिली स्वातंत्र्याच्या आसपास परदेशी शिकायला गेली आणि जवळपास सगळे परत आले. दुसरी गेली ती तिकडेच राहिली. तिसरी घरीच शिकली, पण फार हलाखीत. आज तरुण आफ्रिकन संशोधकांसाठी फेलोशिपा, वर्कशॉप, लिहायला वेळ म्हणून ग्रँट असलं जे काही चालतं ते सगळं खरं तर या तिसऱ्या पिढीपासून सुरू होतं.

हलाखी का, तर ऐंशीच्या दशकात बहुतेक देश कर्जात बुडाले आणि आयएमएफ, वर्ल्ड बँकेच्या अटी आल्या, सरकारने खर्च आवरा, चलन स्वस्त करा वगैरे. शिक्षणाबाबत बँकेचं गणित असं होतं की विद्यापीठापेक्षा प्राथमिक शाळेत टाकलेल्या पैशाचा समाजाला परतावा जास्त. आता प्राथमिक शाळेला कोण नाही म्हणेल, पण व्हायचं ते झालंच, विद्यापीठांचे हात आखडले, चलन घसरल्यामुळे डॉलरमध्ये मागवायची जर्नल्स बंद झाली आणि युगांडात कंपालाच्या मॅकेरेरे विद्यापीठाचे लेक्चरर पगारात भागत नाही म्हणून कोंबड्या पाळायला, टॅक्सी चालवायला लागले. म्हणजे या धोरणांनी कुणाचं भलं झालं नि कुणाचं वाटोळं हे मोजायची वेळ आली तेव्हा मोजणारा माणूस अंडी विकत होता!

यावर उपाय म्हणून १९८८ मध्ये दोन गोष्टी झाल्या, आणि दोन्हींचा स्वभाव एकदम वेगळा. सेनेगलमधल्या डाकारला कोडेस्रिया म्हणून संस्था आहे, १९७३ ची, समीर अमीन या इजिप्शियन अर्थतज्ज्ञाने उभी केलेली, आफ्रिकेबद्दलचे प्रश्न आफ्रिकेतच ठरले पाहिजेत या हट्टापायी. तिने १९८८ मध्ये थिसिस लिहिणाऱ्या पोरांसाठी छोट्या ग्रँट सुरू केल्या, फील्डवर्कचं भाडं, पुस्तकं, एवढ्यापुरत्या. तेव्हा संस्थेचे प्रमुख होते हेच म्कांडावीरे. आणि त्याच वर्षी नैरोबीत आफ्रिकन इकॉनॉमिक रिसर्च कन्सोर्टियम निघालं, परदेशी देणगीदारांच्या पैशावर, भर महागाई, विनिमय दर, व्यापार असल्या पॉलिसीच्या विषयांवर. यांची पद्धत मला आवडते पण. वर्षातून दोनदा वर्कशॉप, तरुण संशोधकाने प्रपोजल घेऊन उभं राहायचं, समोर बसलेले सीनियर लोक ते पार सोलून काढणार, मग घरी जाऊन दुरुस्त करायचं, पुढच्या खेपेला अर्धवट काम दाखवायचं, परत सोलून घ्यायचं. पुढे १९९३ ला यांनीच अनेक विद्यापीठं मिळून एमए चालू केलं आणि २००२ मध्ये पीएचडी.

पण इथे एक गोम आहे. देणगीदारांना 'गरिबी' हा शब्द चालतो, 'विषमता' म्हटलं की जरा अवघडल्यासारखं होतं, कारण गरिबी मोजायला गरीब पुरतो, विषमता मोजायची तर श्रीमंताच्या घरात शिरावं लागतं. त्यात भर कन्सल्टन्सीची. पगार कमी, तर एनजीओंचे रिपोर्ट लिहून द्यायचे, प्रश्न त्यांचा, डेडलाइन त्यांची, आपण फक्त आकडे गोळा करायचे. याविरुद्ध सगळ्यात जोरात बोलले महमूद ममदानी, जन्म मुंबईचा, १९४६ चा, वाढले कंपालात, १९७२ ला युगांडाचा हुकूमशहा इदी अमीनने आशियाई लोकांना हाकललं त्यात हेही गेले, पुढे परत आले. २०१० मध्ये मॅकेरेरेच्या समाजसंशोधन संस्थेचे संचालक झाले आणि २०१२ मध्ये तिथे भरपूर वाचायला लावणारा पीएचडी कोर्स सुरू केला. त्यांचं म्हणणं साधं होतं, प्रश्न विचारायला शिकवलं नाही तर पोरं आयुष्यभर दुसऱ्याच्या प्रश्नाला उत्तरं शोधत बसतील.

दक्षिण आफ्रिकेची तऱ्हा आणखी वेगळी. तिथे १९३२ मध्ये अमेरिकेच्या कार्नेगी या दानसंस्थेच्या पैशावर गरिबीचा मोठा अभ्यास छापला गेला, पण फक्त गोऱ्या गरिबांचा! बाकीचे जणू मोजण्यातच नव्हते. दुसरा कार्नेगी अभ्यास थेट ऐंशीच्या दशकात झाला, केपटाउन विद्यापीठाच्या फ्रान्सिस विल्सन यांच्या पुढाकाराने, आणि त्यात काळ्या माणसाचं घर, पाणी, सरपण, मजुरी सगळं आलं. वर्णभेदाचं राज्य गेल्यावरही दरी काही बुजली नाही, वर्ल्ड बँकेच्या २०१४ च्या आकड्यांत गिनी (विषमतेचं माप, ० म्हणजे सगळे सारखे, १०० म्हणजे सगळं एकाच्याच हातात) ६३ च्या आसपास, जगात सगळ्यात वाईटांपैकी. २०१५ मध्ये जोहान्सबर्गच्या विट्स विद्यापीठाने १०.५ टक्के फीवाढ काढली तेव्हा पोरं रस्त्यावर आली, आणि आपण शिकतोय त्या जागेतच विषमता आहे हे त्यांना कुठल्या सर्व्हेतून कळायची गरज नव्हती.

आता केपटाउन, नैरोबी आणि घाना या तीन विद्यापीठांनी मिळून विषमतेच्या संशोधनाचं केंद्र चालवलंय. आपापल्या देशाचे आकडे आपणच मांडायचे, तरुणांना त्यातच तयार करायचं, असा बेत. पैशाला हातभार मात्र फ्रान्सच्या सरकारी विकास संस्थेचा, ऑफिस पॅरिसला, आणि समीर अमीननी डॉक्टरेट केली होती तीही पॅरिसलाच.