बाख खरंच लिहिता लिहिता गेला का?

जर्मन संगीतकार बाखची ही फ्यूग पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला वाटलं नेट गेलं. छान रंगात आलेलं आणि एकदम गप्प. नेट चालू होतं, हस्तलिखितच तिथे संपतं, २३९ व्या बारला (बार म्हणजे ठरावीक मात्रांचा एक खंड).

ही त्याच्या 'आर्ट ऑफ फ्यूग' या संग्रहातली. फ्यूग म्हणजे एक आवाज छोटीशी थीम सुरू करतो, मग दुसरा तीच उचलतो, मग तिसरा, चौथा, आणि सगळे एकमेकांच्या पायात न येता चालत राहतात. इथे एकामागून एक तीन थीम येतात आणि तिसरी म्हणजे चक्क त्याचं स्वतःचं नाव! जर्मनीत काळी पाचला बी म्हणतात आणि पांढरी सातला एच, त्यामुळे पेटीवर काळी पाच, पांढरी सहा, वरच्या सप्तकातली पांढरी एक, पांढरी सात वाजवलं की झालं बी-ए-सी-एच. पांढरी सहाला सा धरा, म्हणजे कोमल रे, सा, कोमल ग, शुद्ध रे. दोन्ही रे एवढ्या जवळ, कान जरा दचकतोच.

हस्तलिखित बर्लिनच्या लायब्ररीत आहे. शेवटच्या पानावर मुलाने, कार्ल फिलिप इमानुएलने लिहून ठेवलंय की बाखचं नाव जिथे येतं त्या फ्यूगवर काम करताना रचनाकार वारला. झालं, मरतानाही हातात लेखणी ही स्टोरी तयार! पण बाख गेला २८ जुलै १७५० ला, आणि त्याच वर्षी मार्च-एप्रिलमध्ये डोळ्यांची दोन ऑपरेशनं फसून त्याला दिसेनासं झालं होतं, मग हे त्याच्याच हातचं पान तेव्हाचं कसं असेल? वाढत्या वयात त्याचं अक्षर कसं बदलत, जड होत गेलं ते कोबायाशी या संशोधकाने ताडून पाहिलं आणि हे लिखाण ऑगस्ट १७४८ ते ऑक्टोबर १७४९ मधलं ठरवलं. म्हणजे मरायच्या निदान नऊ महिने आधीचं.

मग तो इथेच का थांबला? बाखचा अभ्यासक ख्रिस्टोफ वोल्फ म्हणतो कागदच बघा. तेव्हा स्वरलेखनाच्या पाच रेघा पाच टोकांच्या लेखणीने एका फटक्यात ओढायचे, आणि या पानावर खालच्या रेघा इतक्या वाकड्यातिकड्या आहेत की पान भरायचा बाखचा विचारच नसावा, शेवट दुसऱ्या कागदावर असेल आणि तो हरवला. मला हे पटतं, कारण सगळ्या थीम एकत्र बसतात का हे आधी तपासल्याशिवाय असली फ्यूग कोणी सुरूच करणार नाही. फक्त तो कागद आजवर सापडलेला नाही.

त्यात गंमत अशी की अख्ख्या संग्रहाची मुख्य थीम या फ्यूगमध्ये येतच नाही. म्हणून काहींना वाटायचं ही इथली नाहीच. १८८१ मध्ये नोटेबोम या संगीत-अभ्यासकाने दाखवलं की ती थीम बाकीच्या तिन्हींवर चपखल बसते, म्हणजे चौथी तीच असणार.

आणि मला सगळ्यात छळणारा प्रश्न, १७५१ च्या छापील प्रतीत फ्यूग २३३ व्या बारलाच थांबवलीय. शेवटचे काही बार गायब, आणि नेमके तेच, जिथे तिन्ही थीम पहिल्यांदा एकत्र येतात! कोणी गाळले, कशासाठी?

(२+३+९ = १४ आणि बी-ए-सी-एच चे अक्षरांक २+१+३+८ पण १४, यावर रात्र रात्र वाद घालणारे लोक आहेत. त्यात मी पडत नाही.)

टोव्हीसारख्या संगीतकारांनी शेवट रचून दिलेत, काही वादक ते वाजवतात. बरेच जण मात्र २३९ लाच थांबतात, बाकीचे आवाज गळतात आणि टेनर (चारांतला खालून दुसरा आवाज) एकटाच दोन पावलं पुढे जातो आणि