तुटलेली तार की जळका कॉन्टॅक्ट? जुन्या गाडीच्या स्टिअरिंग कॉलममधले दोन सारखे दिसणारे दोष

हेडलाइट मधूनच मंदावतात, डिपर कधी लागतो तर कधी लागत नाही, किल्ली फिरवली की एखाद्या दिवशी सेल्फ गप्प बसतो. पद्मिनी, अम्बॅसेडर किंवा सुरुवातीची मारुती ८०० सांभाळणाऱ्यांना या तक्रारी नव्या नाहीत. गाडी वायरमनकडे नेली की ‘स्टिअरिंगखाली करंट येत नाही’ असे उत्तर मिळते. ते खोटे नसते, पण अपुरे असते, कारण करंट न पोहोचण्याची दोन अगदी वेगळी कारणे असतात. एकात वाट पूर्ण तुटलेली असते, म्हणजे वायर आतून तुटलेली असते किंवा टर्मिनल (वायरच्या टोकाची धातूची पिन) कपलरमधून, म्हणजे वायरी जोडणाऱ्या प्लास्टिकच्या जोडणीतून, मागे सरकलेले असते. दुसऱ्यात वाट शाबूत असते, पण स्विचच्या आतला कॉन्टॅक्ट, म्हणजे एकमेकांना टेकून करंट पुढे देणारा धातूचा भाग, जळून त्यावर काळा थर धरलेला असतो किंवा दमट हवेने टर्मिनलवर हिरवट गंज चढलेला असतो, आणि त्यातून पुरेसा करंट जात नाही. चालकाला दोन्हींत तेवढेच दिसते की दिवा लागत नाही. दुरुस्ती मात्र पूर्ण वेगळी आहे.

गोंधळ वाढवण्यात मल्टिमीटरचाही (व्होल्टेज आणि रोध मोजणाऱ्या मीटरचा) मोठा वाटा असतो. हे मी माझ्या जुन्या गाडीवर शिकलो. हेडलाइट सुरुवातीला स्वच्छ लागत आणि वीसेक मिनिटांनी पिवळट पडत. मी बल्बचे कपलर काढून तिथे मीटर लावला, १२.४ व्होल्ट दिसले, आणि पुरवठा ठीक आहे असे समजून दोन्ही बल्ब नवे आणले. फरक काहीच पडला नाही. शेवटी स्टिअरिंगखालचे प्लास्टिकचे कव्हर उतरवले, तेव्हा कॉम्बिनेशन स्विचच्या (दिवे आणि डिपर चालवणाऱ्या स्टिअरिंगवरच्या स्विचच्या) पांढऱ्या कपलरमध्ये एका टर्मिनलभोवतीचे प्लास्टिक करपलेल्या भाकरीच्या कडेसारखे तपकिरी झालेले दिसले. त्या वायरचे आवरण इंचभर कडक झाले होते आणि वाकवताच त्याला भेग पडली.

मग मीटरने १२.४ का दाखवले? बल्ब काढलेला असताना त्या वाटेने वाहणारा करंट जवळजवळ शून्य असतो. डिजिटल मीटर स्वतः इतका नगण्य करंट घेतो की कॉन्टॅक्ट कितीही जळका असला तरी व्होल्टेज तिथे अडत नाही. खरी अडचण भार पडल्यावर, म्हणजे बल्ब लागून करंट वाहू लागल्यावर, उघडी पडते. हाय बीमवर ६० वॉटचे दोन बल्ब म्हणजे १२ व्होल्टला सुमारे १० अँपिअर. अनेक जुन्या गाड्यांत रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) नसल्यामुळे हा सगळा करंट थेट स्टिअरिंगवरच्या स्विचमधून जातो. त्या स्विचमध्ये अवघा ०.२ ओहमचा जादा रोध तयार झाला, तरी भाराखाली सुमारे पावणेदोन व्होल्ट तिथेच अडतात, बल्बला जेमतेम साडेदहा व्होल्ट मिळतात आणि उजेड अंदाजे साठ टक्क्यांवर येतो. शिवाय त्या एवढ्याशा जागेत चौदा-पंधरा वॉटची उष्णता तयार होते. प्लास्टिक करपते ते याच उष्णतेने. ओहमच्या रेंजवर तपासूनही हा दोष सापडत नाही, कारण साध्या मीटरच्या दोन वायरींचाच रोध तेवढा असू शकतो.

म्हणून या दोन दोषांची परीक्षा दिवे चालू ठेवून, भाराखालीच करावी. मीटर डीसी व्होल्टवर ठेवून लाल टोक स्विचमध्ये येणाऱ्या वायरवर आणि काळे टोक स्विचमधून बाहेर पडणाऱ्या वायरवर लावावे, आणि मग हेडलाइट चालू करावेत. वायरचे रंग गाडीगणिक बदलतात, त्यामुळे त्या गाडीचा वायरिंगचा नकाशा आधी हाताशी असावा. आकडा, म्हणजे स्विचमध्ये अडलेले व्होल्टेज, ०.२ ते ०.३ व्होल्टच्या आत राहिला तर स्विच चांगला आहे. अर्ध्या व्होल्टच्या वर गेला, आणि विशेषतः दिवे दहा मिनिटे चालू ठेवल्यावर हळूहळू चढत गेला, तर कॉन्टॅक्ट जळका आहे. बॅटरीचे संपूर्ण व्होल्टेज दिसले, तर वाट त्या दोन टोकांच्या मधेच पूर्ण तुटली आहे. दिवे लागत नाहीत आणि आकडाही शून्य आहे, तर तुटलेली जागा या दोन टोकांच्या बाहेर आहे, आणि हीच मापणी पुढच्या व मागच्या तुकड्यावर करत जावे. एका मापणीत दोन्ही दोष वेगळे होतात, म्हणून मी तिला बाकी सगळ्या तपासण्यांच्या आधी ठेवतो.

मीटर हाती घेण्यापूर्वीही लक्षणे बरेच काही सांगतात. दोष हालचालीशी बांधलेला आहे की वेळेशी, हे आधी पाहावे. खड्ड्यात आदळल्यावर, कॉलम वर-खाली केल्यावर किंवा कव्हरखालची वायरिंग हाताने हलवल्यावर दिवा जात-येत असेल, तर आवरणाच्या आत तुटलेल्या तारेचा संशय घ्यावा. वायरिंगचा जुडगा जिथे कॉलमवरून वळून डॅशबोर्डमागे जातो आणि पट्टीने आवळलेला असतो, तिथे तांब्याचे धागे एकेक करून तुटत जातात आणि बाहेरून काहीच दिसत नाही. उलट, काहीही न हलता केवळ वेळ गेल्याने दिवा मंदावत असेल आणि बंद करून थोड्या वेळाने लावल्यावर पुन्हा उजळत असेल, तर ते उष्णतेचे, म्हणजे जळक्या कॉन्टॅक्टचे लक्षण आहे. कपलरमधले ढिले टर्मिनल मात्र या विभागणीत बसत नाही, कारण ते हलवल्यावरही प्रतिसाद देते आणि तापतेही. तिथे डोळ्यांनी पाहण्याला पर्याय नाही.

हॉर्नच्या बाबतीत तर हीच परीक्षा उलटी वाचावी लागते. बऱ्याच जुन्या गाड्यांत हॉर्नचे बटण रिलेकडून आलेली वायर अर्थला, म्हणजे बॅटरीच्या ऋण टोकाशी जोडलेल्या गाडीच्या धातूच्या सांगाड्याला, जोडते, आणि तो अर्थ स्टिअरिंगच्या दांड्यातूनच मिळतो. दांड्याच्या खालच्या जोडात रबराची चकती असली, तर तिला वळसा घालणारी एक छोटी अर्थची पट्टी दिलेली असते. ती पट्टी तुटली की हॉर्न पूर्ण मुका होतो, पण बटणाच्या वायरवर मीटर १२ व्होल्ट दाखवत राहतो, आणि ‘करंट तर आहे’ म्हणून चांगला हॉर्न बदलला जातो. बटण दाबल्यावर हा आकडा शून्याच्या जवळ यायला हवा. तो १२ वरच राहिला तर अर्थची वाट तुटलेली आहे. पाच-सहा व्होल्टवर अडकला आणि रिले ओढला गेला नाही, तर बटणाखालच्या कॉन्टॅक्टवर किंवा फिरत्या कड्यावर काजळी आणि सुकलेले ग्रीस साठले आहे.

कोणत्याही तपासणीआधी एक गोष्ट काटेकोरपणे पाळावी. स्टिअरिंगमध्ये एअरबॅग असेल, तर त्याच्या सहसा पिवळ्या असणाऱ्या कपलरवर टेस्ट लॅम्प किंवा मीटर मुळीच लावू नये, कारण तिथे गेलेल्या करंटने एअरबॅग फुटू शकते. कॉलम उघडण्यापूर्वी बॅटरी सोडवून गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेला वेळ थांबावे, आणि एअरबॅगची जोडणी ज्याने हे काम शिकून घेतले आहे त्याच्याकडूनच हाताळून घ्यावी.

तुटलेली तार असेल तर आवरणाचा मऊ पडलेला भाग कापून, त्याच जाडीच्या वायरचा तुकडा क्रिम्प (दाबून जोडणे) किंवा सोल्डर करून, वर आकसणारी नळी चढवावी आणि जुडगा आवळणारी पट्टी थोडी सैल बांधावी. स्विचला हात लावायची गरज नसते. जळका कॉन्टॅक्ट सॅंडपेपरने घासला तर काही आठवडे काम देतो, पण पृष्ठभाग खडबडीत झाल्याने पुन्हा जळतो, म्हणून स्विच बदलणेच योग्य. त्याच्यासोबत कपलरमधले तापून ढिले झालेले टर्मिनलही बदलावे, नाहीतर नवा स्विचही त्याच जागी करपतो. हेडलाइटसाठी बॅटरीपासून फ्यूजसह वेगळी वायर ओढून लो आणि हाय बीमला एकेक रिले बसवला, की स्टिअरिंगवरच्या स्विचमधून फक्त रिलेच्या कॉइलचा करंट जातो, आणि तो एका रिलेला सुमारे ०.१५ अँपिअर असतो. माझ्या गाडीत हे केल्यानंतर स्विचचा कपलर तासभर दिवे लावूनही हाताला गार लागतो.