ग्रिनेलचा फुटबॉल संघ: पैसा भरपूर, खेळाडू अठ्ठावीस

1 ऑक्टोबर 2019 रोजी अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या ग्रिनेल कॉलेजने जाहीर केलं की, त्यांचा फुटबॉल संघ या हंगामातले उरलेले सामने खेळणार नाही. तीन सामने झाले होते, तिन्ही हरले होते, आणि सात बाकी होते. पण माघार हरण्यामुळे घेतलेली नव्हती. हरणं ग्रिनेलच्या अंगवळणीच पडलं होतं. हंगामाच्या सुरुवातीला पटावर 39 नावं होती. दुखापतींनी त्यातली 11 बाजूला बसवली आणि धडधाकट उरले 28. त्या 28 जणांसह संघाने आपसात बसून ठरवलं की आता पुरे. वरून आदेश आला नव्हता. मुलांनी निर्णय घेतला आणि कॉलेजने तो मान्य केला.

आपल्याकडे 28 जण म्हटलं की दोन क्रिकेट संघ, दोन पंच, शिवाय पाणी द्यायला चौघं, अशी चंगळ वाटते. इथे फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉल. त्यातही मैदानावर एका वेळी अकराच असतात, पण चढाईचे अकरा वेगळे, बचावाचे अकरा वेगळे, आणि किकच्या वेळी उतरणारी फळी आणखी निराळी. एवढ्यावर भागत नाही. आठवडाभराच्या सरावात आपल्या चढाईसमोर कुणीतरी प्रतिस्पर्ध्याचा बचाव होऊन उभं राहावं लागतं. म्हणजे सरावालाच बावीस जण गुंतले. अठ्ठावीसमधून बावीस गेले की उरले सहा, आणि त्या सहांनी दोन्ही बाजूंच्या सगळ्या जागांची राखीव फळी व्हायचं.

आता एका जागेचं बघू. चढाईच्या पुढच्या ओळीत पाच जण असतात, सहसा संघातले सगळ्यात थोराड. चेंडू हातात घ्यायचं भाग्य त्यांना क्वचितच लाभतं. समोरून येणारा बचावपटू आपल्या क्वार्टरबॅकपर्यंत (चढाईची सूत्रं हलवणाऱ्या, चेंडू फेकणाऱ्या खेळाडूपर्यंत) पोचू नये म्हणून प्रत्येक डावाला त्याच्याशी छातीला छाती भिडवायची, एवढंच त्यांचं काम. सामन्यात असे साठ-सत्तर डाव होतात. पाचातल्या एकाचा घोटा मुरगळला आणि बदली खेळाडू नसेल, तर त्या जागी सडपातळ मुलगा उभा करावा लागतो. समोरचा त्याच्यापेक्षा तीस-चाळीस किलोंनी जड असू शकतो. मग तो मुलगा तरी जायबंदी होतो, नाहीतर त्याच्या मागे उभा असलेला क्वार्टरबॅक. थकलेल्यांना दोन्ही बाजूंनी खेळवलं की दुखापती आणखी वाढतात, आणि पुढच्या शनिवारी आणखी दोघं कमी होतात. या चक्रातून निघायला भरपूर राखीव मुलं लागतात. ग्रिनेल ज्या तिसऱ्या श्रेणीत खेळतं, तिथे बहुतेक संघांत शंभराच्या आसपास खेळाडू असतात. अडतीस-चाळीस जणांवर हंगाम काढायला निघणं म्हणजे पहिल्या दिवसापासून नशिबावर हवाला ठेवणं होतं.

या गोष्टीतली खरी गंमत अशी की ग्रिनेल गरीब कॉलेज नाही. उलट ते देशातल्या सगळ्यात श्रीमंत छोट्या कॉलेजांत मोडतं. विद्यार्थी सुमारे 1700, गाव नऊ-दहा हजार वस्तीचं, चहूबाजूंना मक्याची शेतं, आणि कॉलेजची गुंतवणूक 2019 च्या सुमाराला 200 कोटी डॉलरच्या घरात. हा पैसा जमला कसा, त्याचा किस्सा फुटबॉलपेक्षा रंगतदार आहे. इंटेलचे सहसंस्थापक रॉबर्ट नॉइस हे ग्रिनेलचे 1949 चे पदवीधर. विद्यार्थी असताना पार्टीसाठी एका शेतावरून डुक्कर पळवल्याबद्दल त्यांना एक सत्र बाहेर बसावं लागलं होतं. (पोहण्याच्या तलावात उंचावरून सूर मारण्यात ते कॉन्फरन्सचे, म्हणजे आपसात स्पर्धा खेळणाऱ्या कॉलेजांच्या गटाचे, विजेतेही होते, म्हणजे ग्रिनेलच्या खेळात यश मिळवलेला माणूस होता तर.) 1968 मध्ये इंटेल उभी राहिली तेव्हा कॉलेजने 3 लाख डॉलर घातले. त्याच सुमारास विश्वस्त जो रोझेनफिल्ड यांनी वॉरन बफे यांना विश्वस्त मंडळावर आणलं. पुढे कॉलेजने ओहायोतल्या डेटन शहरातलं टीव्ही केंद्र विकत घेतलं आणि काही वर्षांनी ते कितीतरी पट किमतीला विकलं. पैशाच्या बाबतीत कॉलेजने हात लावला त्याचं सोनं झालं. फुटबॉलच्या बाबतीत मात्र चणे आहेत तर दात नाहीत, अशी गत.

ही गत नेहमीची नव्हती. जून 1882 मध्ये चक्रीवादळाने कॉलेजच्या इमारती जमीनदोस्त केल्या होत्या. त्यानंतर सात वर्षांनी, 16 नोव्हेंबर 1889 रोजी, याच गावात ग्रिनेलने आयोवा विद्यापीठाला 24-0 असं हरवलं. मिसिसिपी नदीच्या पश्चिमेला दोन कॉलेजांमध्ये झालेला हा पहिला फुटबॉल सामना मानला जातो. हरलेलं विद्यापीठ आज सत्तर हजार प्रेक्षकांसमोर खेळतं. तेव्हा फरक नव्हता, कारण दोन्हीकडे पंधरा-वीस हौशी पोरंच होती. 1920 च्या दशकात ग्रिनेल मिझुरी व्हॅली कॉन्फरन्समध्ये होतं. कॅन्सस, मिझुरी, ओक्लाहोमा अशी मोठी सरकारी विद्यापीठंही त्याच पंगतीला. 1928 मध्ये त्यातली सहा बडी मंडळी उठून वेगळी झाली, आणि मोठ्यांचा फुटबॉल नि छोट्यांचा फुटबॉल यांच्या वाटा दुरावू लागल्या.

त्या फाटाफुटीवर कायदेशीर शिक्का पडला 1973 मध्ये. कॉलेजांचे खेळ चालवणाऱ्या एनसीएए या संघटनेने कॉलेजांच्या तीन श्रेणी केल्या आणि तिसऱ्या श्रेणीला अट घातली की खेळासाठी शिष्यवृत्ती द्यायची नाही. म्हणजे ग्रिनेलच्या प्रशिक्षकाने एखाद्या धिप्पाड मुलाला हेरलं, तरी 'फी माफ, तू फक्त ये' असं त्याला म्हणता येत नाही. त्या मुलाला आधी कॉलेजचा कडक प्रवेश मिळायला हवा, मग गरजेनुसार जी मदत इतरांना मिळते तीच त्यालाही, आणि वर त्याला आयोवाच्या त्या गावात यायची इच्छा हवी. आकडेमोडही अवघड आहे. 1700 विद्यार्थ्यांत मुलगे निम्म्याहून कमी. शंभराचा संघ करायचा तर दर आठ मुलांमागे एकाने हेल्मेट घालायला हवं. तीस हजार विद्यार्थ्यांच्या विद्यापीठात शंभर जण कुठे आहेत ते शोधावं लागेल. ग्रिनेलमध्ये मात्र प्रवेशाच्या प्रत्येक निर्णयावर त्याचा भार पडतो.

अशक्य होतं असंही नाही. याच नियमांत, याच गावात, 1998 मध्ये ग्रिनेलने एकही सामना न हरता मिडवेस्ट कॉन्फरन्सचं विजेतेपद घेतलं होतं. तिथून 2019 पर्यंतची घसरण एका वर्षात झाली नाही. संघ हरू लागला की येणारी मुलं कमी होतात, मुलं कमी झाली की संघ आणखी हरतो. त्यात बाहेरचं वारंही फिरलं. डॉ. बेनेट ओमालू यांनी माइक वेबस्टर या माजी खेळाडूच्या मेंदूतली इजा 2005 मध्ये वैद्यकीय नियतकालिकात मांडली. 2017 मध्ये एनएफएलच्या (व्यावसायिक फुटबॉलच्या लीगच्या) 111 माजी खेळाडूंच्या मेंदूंची तपासणी प्रसिद्ध झाली, त्यात 110 मध्ये तसली इजा आढळली. ते मेंदू मुळात शंका असलेल्या कुटुंबांनी दिलेले होते, त्यामुळे तो आकडा सगळ्या खेळाडूंना लावता येत नाही. पण घराघरांतल्या आयांनी ही तळटीप वाचली नाही, आकडा वाचला. अमेरिकेत शाळेत अकराजणी फुटबॉल खेळणारी मुलं 2008-09 मध्ये अकरा लाखांवर होती, ती 2018-19 पर्यंत दहा लाखांच्या जेमतेम वर उरली. आयोवाच्या ओस पडत चाललेल्या खेड्यांत तर कितीतरी शाळा आता आठजणी फुटबॉल खेळतात, कारण अकरा पोरं जमत नाहीत. ग्रिनेलवर 2019 मध्ये आलेली वेळ आजूबाजूच्या शाळांनी आधीच पाहिली होती.

खेळ धोक्याचा आहे म्हणून हात आखडते घेण्याचा प्रकारही नवा नाही. 1905 च्या एकाच हंगामात देशभरात 18-19 मुलं मैदानावरच्या दुखापतींनी दगावली. त्याच हंगामात खुद्द राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या लोकांना व्हाइट हाउसमध्ये बोलावून घेतलं. एनसीएएचा जन्म त्याच गदारोळातून झाला. चेंडू पुढे फेकायची मुभा 1906 पासून मिळाली, तीही दाटीवाटीची रेटारेटी कमी व्हावी म्हणूनच.

ग्रिनेलच्याच कॉन्फरन्समध्ये 2017 पासून फुटबॉलपुरतं शिकागो विद्यापीठ खेळू लागलं, आणि त्याची कथा तर याहून नाट्यमय. सर्वोत्तम खेळाडूला मिळणाऱ्या हाइझमन ट्रॉफीचा पहिला मानकरी, जे बर्वँगर, 1935 चा, याच विद्यापीठाचा. चारच वर्षांनी हा संघ मिशिगनकडून 85-0 आणि हार्वर्डकडून 61-0 असा सडकून मार खाऊन परतला. त्या डिसेंबरात अध्यक्ष रॉबर्ट हचिन्स यांनी फुटबॉलच बंद करून टाकला. रिकाम्या पडलेल्या स्टॅग फील्डच्या गॅलरीखाली 2 डिसेंबर 1942 रोजी एन्रिको फर्मी यांनी पहिली नियंत्रित अणुसाखळी अभिक्रिया घडवली. संघ परत उभा राहिला तो 1969 मध्ये, छोट्या कॉलेजांच्या पातळीवर, आणि कुणी त्यात कमीपणा मानला नाही.

शेजारच्या मिनेसोटातलं मॅकॅलेस्टर कॉलेज (संयुक्त राष्ट्रांचे माजी सरचिटणीस कोफी अन्नान इथेच शिकले) 1974 ते 1980 दरम्यान सलग 50 सामने हरलं. सप्टेंबर 1980 मध्ये शेवटच्या काही सेकंदांत फील्ड गोल (लाथेने चेंडू दोन खांबांमधून धाडून) मारून 17-14 ने ती मालिका तुटली. पुढे आपल्या कॉन्फरन्सच्या बड्या संघांसमोर टिकाव लागेना म्हणून त्यांनी फुटबॉलपुरतं बाहेर पडून स्वतंत्र खेळायला सुरुवात केली, आणि 2014 मध्ये ते ग्रिनेलच्या मिडवेस्ट कॉन्फरन्समध्ये आले. आल्या वर्षीच विजेते झाले. आपल्या ताकदीचे प्रतिस्पर्धी निवडणं हा पळपुटेपणा नसून शहाणपणा असतो, असं मला त्या विजेतेपदाकडे बघून वाटतं. तो शहाणपणा करायला त्यांना वीसएक वर्षं लागली, हा भाग वेगळा.

पेनसिल्व्हेनियातल्या स्वार्थमोरने डिसेंबर 2000 मध्ये दुसरी वाट धरली आणि फुटबॉल कायमचा बंद केला. संघ सुधारत असताना बंद केला, म्हणून माजी विद्यार्थी जास्त भडकले. कॉलेजचं म्हणणं साधं होतं: सुमारे 1400 विद्यार्थ्यांच्या कॉलेजात खेळांसाठी इतक्या जागा राखल्या तर बाकीच्यांना कुठे घ्यायचं? इंडियाना राज्यातल्या अर्लमचं दुखणं मात्र ग्रिनेलच्या बरोबर उलटं होतं. क्वेकर पंथीयांचं हे कॉलेज, हजाराच्या आसपास विद्यार्थी आणि जमाखर्चात तूट. ऑक्टोबर 2013 नंतर संघ एकही सामना जिंकला नाही. 2018 चा हंगाम संपला तेव्हा सलग पराभव 53 झाले होते, मॅकॅलेस्टरहून तीन जास्त, म्हणजे तिसऱ्या श्रेणीतला विक्रम. त्याच नोव्हेंबरात कॉलेजने संघ स्थगित केला.

आणि हे सगळं चालू असताना दुसरीकडे छोटी कॉलेजं नव्याने फुटबॉल सुरू करत होती. आर्कान्सातल्या हेंड्रिक्सने 1960 मध्ये बंद केलेला संघ 2013 मध्ये पुन्हा उभा केला; जॉर्जियातलं बेरीही त्याच वर्षी मैदानात उतरलं. त्यामागचं गणित निखळ प्रेमाचं नाही. शिष्यवृत्ती द्यायची नसल्याने शंभर खेळाडू म्हणजे फी भरणारे शंभर विद्यार्थी, तेही मुलगे, ज्यांचा या कॉलेजांत तुटवडा असतो. ज्या कॉलेजला वर्ग भरायचे आहेत त्याला फुटबॉल परवडतो. ग्रिनेलचे वर्ग फुटबॉलशिवायही भरतात, म्हणून त्याला संघासाठी मुलं गोळा करायची तशी निकड कधी भासली नाही. माझ्या मते 39 या आकड्याचं मूळ इथे आहे, प्रशिक्षकात किंवा मुलांच्या जिद्दीत नाही.

त्याच कॉलेजच्या बास्केटबॉल संघाकडे पाहिलं तर हे आणखी उठून दिसतं. प्रशिक्षक डेव्हिड आर्सेनो यांनी तिथे अशी पद्धत बसवली की दर मिनिटाला पाचच्या पाच खेळाडू बदलायचे आणि मिळेल तिथून चेंडू बास्केटकडे मारायचा. 20 नोव्हेंबर 2012 रोजी जॅक टेलरने एका सामन्यात एकट्याने 138 गुण केले आणि ग्रिनेलचं नाव एका रात्रीत जगभर गेलं. ज्या खेळाला पाच लागतात तिथे ग्रिनेल पंधरा-वीस जण खेळवतं. फुटबॉलमध्ये असली युक्ती चालत नाही. तिथे माणसंच लागतात.

2019 च्या त्या घोषणेनंतर कॉलेजने संघ बंद करणार नसल्याचं सांगितलं आणि नव्या प्रशिक्षकांसह भरतीला सुरुवात केली. पण 2020 चा हंगाम करोनामुळे मिडवेस्ट कॉन्फरन्समध्ये झालाच नाही. ग्रिनेल मैदानावर परतलं 2021 मध्ये. त्याच वर्षी मॅकॅलेस्टर मात्र फुटबॉलपुरतं आपल्या जुन्या कॉन्फरन्सकडे वळलं. तिथला सगळ्यात दांडगा संघ, 2017 मध्ये सेंट ओलाफला 97-0 ने लोळवणारं सेंट थॉमस विद्यापीठ, इतरांनी मिळून बाहेर काढलं होतं आणि ते थेट पहिल्या श्रेणीत गेलं होतं.