गस्तीच्या तासांचा हिशेब

14 ऑगस्ट 2005 च्या सकाळी सायप्रसहून अथेन्सकडे निघालेलं हेलिओस एअरवेजचं बोइंग 737 रेडिओवर कुणालाच उत्तर देईना. ग्रीक हवाई दलाची दोन एफ-16 विमानं उडाली आणि 34,000 फुटांवर घिरट्या घालणाऱ्या त्या विमानाच्या शेजारी जाऊन पोचली. लढाऊ वैमानिकाला काचेतून दिसलं ते असं: कॅप्टनची खुर्ची रिकामी, सहवैमानिक जागेवरच कोसळलेला, प्रवाशांच्या डोक्यावर ऑक्सिजनचे मुखवटे लोंबकळताहेत. केबिनमधला हवेचा दाब राखला न गेल्यामुळे आतली जवळजवळ सगळी माणसं बेशुद्ध झाली होती. इंधन संपल्यावर विमान अथेन्सजवळच्या डोंगरात कोसळलं. 121 जण गेले.

एफ-16 च्या वैमानिकांना कुणाला वाचवता आलं नाही. पण आकाशात नेमकं काय घडतंय हे त्या तासाभरात त्यांच्यामुळेच जमिनीवर कळत होतं. या कामगिरीत क्षेपणास्त्र सुटलं नाही, हवेत चकमक झाली नाही. पोचायचं, शेजारी राहायचं, पाहायचं आणि सांगायचं. शांततेच्या काळातली हवाई गस्त बहुतेक वेळा अशीच असते. एस्टोनिया, लाटव्हिया आणि लिथुआनिया या तीन देशांकडे स्वतःची लढाऊ विमानं नाहीत, म्हणून 2004 पासून नाटोचे इतर देश आळीपाळीने तिथे विमानं पाठवतात. त्यांचंही रोजचं काम मुख्यतः हेच, म्हणजे अनोळखी विमानाजवळ जाऊन त्याची ओळख पटवणं. नागरी विमान अडवायचं तर त्याची रीतही ठरलेली आहे. त्याच्या डावीकडे, थोडं पुढे यायचं, पंख हलवून खूण करायची आणि 121.5 मेगाहर्ट्झ या आणीबाणीच्या रेडिओ लहरीवर हाक द्यायची.

मग एवढ्यासाठी जगातली सर्वांत महागडी यंत्रं कशाला?

हा प्रश्न मला रास्त वाटतो, कारण लढाऊ विमान ज्या गोष्टींसाठी घडवलेलं असतं त्यातल्या बऱ्याच गोष्टी गस्तीत वापरल्याच जात नाहीत. इंजिनापासून पाहू. जेट इंजिन हवा मागे फेकून विमान पुढे ढकलतं. थोडी हवा फार वेगाने फेकली किंवा पुष्कळ हवा बेताच्या वेगाने फेकली, तरी रेटा तेवढाच मिळू शकतो. ऊर्जा मात्र वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात लागते, त्यामुळे दुसरा मार्ग स्वस्त पडतो. छोट्या खासगी जेटमधल्या टीएफई-731 इंजिनात गाभ्याला, म्हणजे इंधन जळतं त्या भागाला, वळसा घालून जाणारी हवा गाभ्यातल्या हवेच्या अडीच पटींहून जास्त असते. एफ-404 या लढाऊ इंजिनात ती जेमतेम एक तृतीयांश असते. ध्वनीच्या वेगापलीकडे जायचं तर एफ-404 चीच रचना योग्य, पण ताशी सात-आठशे किलोमीटरने तासन्‌तास फिरायचं असेल तर ती इंधन वाया घालवते. त्यात आफ्टरबर्नर, म्हणजे इंजिनाच्या मागच्या झोतात आणखी इंधन जाळणारी सोय, पेटवला तर रेटा साधारण दीडपट होतो आणि इंधन तिपटीहून जास्त जळतं.

तरी इंधन हा खर्चाचा लहान भाग. खरी झीज सांगाड्याची होते. 2 नोव्हेंबर 2007 ला अमेरिकेतल्या मिसुरी राज्यावर सरावात असलेल्या एका एफ-15 चे हवेतच दोन तुकडे झाले. वैमानिक बाहेर पडला म्हणून वाचला. चौकशीत आढळलं की सांगाड्यातली एक लांब धातूची तुळई ठरल्यापेक्षा पातळ बनली होती आणि वर्षानुवर्षांच्या ताणाने तिच्यात भेग वाढत गेली होती. प्रत्येक उड्डाण धातूला थोडं थोडं थकवतं. म्हणून लढाऊ विमानाचं आयुष्य वर्षांत मोजण्यापेक्षा तासांत मोजतात. एफ-16 चा आराखडा मुळात 8,000 तासांचा होता. पुढे त्याच्या नव्या आवृत्त्यांसाठी ही मर्यादा 12,000 तासांपर्यंत वाढवण्यात आली.

आता साधा गुणाकार करू. एखाद्या शहरावर दोन विमानांची जोडी अहोरात्र ठेवायची म्हटलं तर वर्षाला 17,520 उड्डाणतास लागतात. म्हणजे दोन एफ-16 ची 8,000 तासांची आख्खी आयुष्यं, आणि वर आणखी दीड हजार तास, एकाच वर्षात एकाच शहरावर खर्च! सप्टेंबर 2001 च्या हल्ल्यांनंतर अमेरिकेने न्यूयॉर्क आणि वॉशिंग्टनवर कित्येक महिने अशी सलग गस्त ठेवली होती. ती कायम चालवणं कुणालाच परवडत नाही. म्हणून बहुतेक हवाई दलं विमानं धावपट्टीजवळ सज्ज ठेवतात आणि इशारा मिळाला की उडवतात.

या झिजेवर उतारा म्हणून अमेरिकेत स्कॉर्पियन नावाचं विमान तयार झालं. 12 डिसेंबर 2013 ला ते पहिल्यांदा उडालं. दोन टीएफई-731 इंजिनं, खासगी जेटच्या कारखान्यातले सुटे भाग, किंमत 2 कोटी डॉलरच्या आत आणि ताशी खर्च सुमारे 3,000 डॉलर, असा निर्मात्यांचा दावा होता. एफ-35 या अमेरिकी लढाऊ विमानाचा एक तास तीस-चाळीस हजार डॉलरच्या घरात जातो, हे लक्षात घेतलं तर आकडे भुरळ घालणारे होते. तरीही एकाही हवाई दलाने ते विकत घेतलं नाही.

त्याचं एक कारण वेगात आहे. प्रवासी विमान ताशी 850 किलोमीटरने चाललं आहे आणि तुम्ही त्याच्या 50 किलोमीटर मागे आहात असं समजा. तुमचं विमान ताशी 950 च्या वर जात नसेल तर अंतर तासाला फक्त 100 किलोमीटरने घटतं. गाठायला अर्धा तास लागतो आणि तोवर ते विमान सव्वाचारशे किलोमीटर पुढे गेलेलं असतं. ध्वनीच्या दीडपट वेगाने, म्हणजे त्या उंचीवर ताशी सुमारे 1,600 किलोमीटरने गेलात, तर चार मिनिटं पुरतात. जून 2023 मध्ये वॉशिंग्टनवरून एक छोटं सेसना जेट उत्तर न देता निघून गेलं, तेव्हा एफ-16 विमानांना ध्वनीपेक्षा वेगाने जाऊनच ते गाठावं लागलं. त्या स्फोटासारख्या आवाजाने आख्खं शहर दचकलं होतं.

संथ विमानाला शिकार आधी दिसली तर ते समोरून आडवं जाऊ शकतं, मग वेग कमी असला तरी चालतं. पण पृथ्वी गोल आहे. 10 किलोमीटर उंचीवरचं विमान जमिनीवरच्या रडारला साधारण 400 किलोमीटरवरून दिसतं, म्हणजे हाताशी जवळजवळ अर्धा तास असतो. तेच विमान 100 मीटरवरून आलं तर 40 किलोमीटरवर दिसतं, आणि उरतात तीन मिनिटं. तेव्हा स्वस्त विमान घेणाऱ्या देशाला रडारवर जास्त खर्च करावा लागतो. लक्ष्य अगदी हळू असेल तर गणित उलटतं. ताशी दोनशे किलोमीटरने रांगणाऱ्या छोट्या विमानाशेजारी एफ-16 ला टिकून राहताच येत नाही. ब्राझील अ‍ॅमेझॉनवर पंख्याचं सुपर टुकानो वापरतं ते म्हणूनच.

मधला मार्ग मला जास्त पटतो. दक्षिण कोरियाचं एफए-50 हे प्रशिक्षण विमानातून घडलेलं हलकं लढाऊ विमान आहे. एकच एफ-404 इंजिन, पण ध्वनीच्या दीडपट वेग. फिलिपिन्सने 2005 मध्ये जुनी एफ-5 विमानं निवृत्त केल्यावर तिथे दहा वर्षं एकही लढाऊ जेट नव्हतं. 2015 पासून आलेल्या बारा एफए-50 नी ती पोकळी भरली. अशा देशाला हे विमान खरोखर आधार देतं.

ज्यांच्याकडे आधीच मोठी विमानं आहेत त्यांनी मात्र ताशी खर्चाच्या आकड्यांवर भाळू नये. त्या आकड्यात हँगर, तंत्रज्ञ, सुटे भाग असा स्थिर खर्च वाटून घेतलेला असतो. महाग विमान कमी उडवलं तर हा खर्च उरलेल्या तासांवर पडतो, आणि दुसऱ्या ताफ्याचे नवे सुटे भाग, नवे सिम्युलेटर, नवे प्रशिक्षक वेगळेच. बचत होते ती सांगाड्याच्या तासांची. ते तास वैमानिकांच्या खऱ्या लढाऊ सरावासाठी राहिले, तरच दुसरा ताफा पोसण्यात अर्थ आहे.

17 फेब्रुवारी 2014 च्या पहाटे इथिओपियन एअरलाइन्सचं बोइंग 767 त्याच्याच सहवैमानिकाने पळवून जिनिव्हाला आणलं. सोबतीला होती इटलीची आणि फ्रान्सची लढाऊ विमानं. स्वित्झर्लंडकडे उत्तम एफ/ए-18 होती, पण त्यांची सज्जता कार्यालयीन वेळेपुरती होती आणि ती वेळ अजून झाली नव्हती. 2020 च्या अखेरपासून तिथे दोन सशस्त्र विमानं चोवीस तास, पंधरा मिनिटांत उडण्याच्या तयारीत असतात. विमानं तीच जुनी एफ/ए-18 आहेत. वाढवावी लागली ती रात्रपाळीची माणसं.