अपॉस्टल म्हणजे प्रेषित व्हायला काय लागतं? पात्रता, कागदपत्रं आणि निवड

इंदूरला रामबागेत आमची मराठी प्रार्थना असते, तिथे एका काकूंनी विचारलं की ते पाहुणे प्रचारक पत्रिकेवर नावापुढे अपॉस्टल लिहितात तर ही पदवी मिळते कुठे, कोर्स असतो का, फॉर्म भरायचा असतो का. प्रश्न अगदी बरोबर आहे म्हणून नीट लिहून ठेवतोय.

आधी शब्दाचं बघू, कारण इंदूरात घोळ इथेच होतो. हिंदी बायबलात 'प्रेरित' आहे आणि आपल्यात 'प्रेषित'. मूळ ग्रीक अपॉस्तोलोस म्हणजे पाठवलेला, प्रेषित म्हणजे पण पाठवलेलाच. 'प्रेरित' ऐकलं की वाटतं ज्याला आतून प्रेरणा झाली तो, आणि मग कुणीही म्हणेल मला पण झाली. शिष्य वेगळे बरं का, ते पुष्कळ होते, त्यातून येशूने रात्रभर प्रार्थना करून 12 जण निवडले आणि त्यांना प्रेषित म्हटलं.

आता पात्रता. ती बायबलातल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात सरळ लिहिलेली आहे. बारातला यहूदा इस्कर्योत, ज्याने येशूला धरून दिलं, त्याची जागा रिकामी झाली, सुमारे 120 माणसं जमलेली, बारातलाच पेत्र उभा राहिला आणि म्हणाला की बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाच्या बाप्तिस्म्यापासून येशू वर घेतला गेला त्या दिवसापर्यंत जो सगळा वेळ आपल्यासोबत होता त्यातलाच एक पाहिजे, म्हणजे तो पुनरुत्थानाचा साक्षीदार होईल. दोन नावं पुढे आली, योसेफ बर्सब्बा आणि मत्थिया. प्रार्थना केली, चिठ्ठ्या टाकल्या, मत्थियाची निघाली. झालं. आणि मला सगळ्यात मोठी गोष्ट ही वाटते की पुढे हेरोद राजाने प्रेषित योहानाचा भाऊ याकोब याला तलवारीने मारलं, तोही बारातलाच, पण त्याची जागा भरल्याचं कुठेच लिहिलेलं नाही. साक्षीदाराची जागा होती ती, खुर्ची नव्हती.

मग पौल, ज्याची पत्रं बायबलात आहेत, त्याचं काय? तो या अटीत बसत नाही, हे त्यालाही माहीत होतं. पण दिमिष्काच्या (दमास्कसच्या) वाटेवर प्रभू त्याला दिसला आणि त्याने पाठवलं, याच जोरावर तो करिंथकरांना, म्हणजे करिंथ शहरातल्या मंडळीला (चर्चला), विचारतो की मी प्रभूला पाहिलं नाही का, आणि स्वतःला सगळ्यात शेवटचा म्हणतो. यरुशलेममध्ये याकोब (हा येशूचा भाऊ, मारला गेलेला याकोब नव्हे), पेत्र आणि योहान यांनी त्याला उजवा हात दिला, म्हणजे मान्यता पण होती. पौलाचा सोबती बर्णबा यालाही प्रेषित म्हटलंय आणि मंडळ्यांनी पाठवलेल्या माणसांनाही हाच शब्द लावलाय, पण ते बारांपैकी नाहीत.

कागदपत्रं म्हणाल तर त्या काळी शिफारसपत्रं चालायची. पौलाने करिंथकरांना लिहिलं, आमचं पत्र तुम्हीच आहात. प्रेषिताची चिन्हं तुमच्यात धीराने घडली असंही तो लिहितो, आणि स्वतःचा अनुभव सांगायला बसला की पाच वेळा एकोणचाळीस फटके, तीन वेळा छड्यांचा मार, तीन वेळा जहाज फुटलं, असा हिशोब देतो. तंबू बनवून पोट भरायचा आणि करिंथकरांकडून पैसे घेतले नाहीत. हे वाचलं की मला तरी पत्रिकेवरची पदवी फार हलकी वाटते.

आज अर्ज करता येतो का? कॅथलिक चर्चमध्ये नाही, तिथे बिशपांना प्रेषितांचे उत्तराधिकारी मानतात. बिशप व्हायला निदान 35 वर्षं वय आणि पाच वर्षं धर्मगुरू असणं लागतं, आणि नेमणूक पोपकडून. सीएनआय म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियामध्येही बिशप, प्रेस्बिटर, डीकन आहेत, प्रेषित हे पद नाही. न्यू अपॉस्टोलिक चर्च आणि मॉर्मन लोकांत आजही प्रेषित नेमतात, ती त्यांची व्यवस्था. बाकी कितीतरी स्वतंत्र प्रचारक स्वतःच लावून घेतात, त्यामागे कुठलंच ऑफिस नसतं.

म्हणून पाहुणे आले की चार गोष्टी विचाराव्या, तुम्हाला कुठल्या मंडळीने पाठवलं, तिथे कुणाशी बोलता येईल, वर्गणीचा हिशोब कुणाला देता, आधी जिथे होता तिथून का निघालात. यात अपमान काही नाही, बायबलातल्या प्रकटीकरण या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात इफिसच्या मंडळीचं कौतुकच केलंय, की स्वतःला प्रेषित म्हणवणाऱ्यांना त्यांनी पारखून पाहिलं आणि ते खोटे निघाले.